विटेला न चालणारी माती

सरकारी नोकरीची बहुतेक वर्षं मी खड्ड्यात उभी राहून काढली. ही तक्रार नाही, कामच तसं होतं. मृदा सर्वेक्षणात मी लागले ती नकाशे काढायला, टेबलाशी बसून. पण खड्ड्याची भिंत बघून आलेला माणूस जे तोंडी सांगे ते आणि कागदावर उतरे ते यांचा मेळ बसेना, तेव्हा साहेब वैतागून म्हणाले, "बाई, तुम्हीच जाऊन बघा." बाईमाणसाला खड्ड्यात कसं उतरवायचं यावर कचेरीत बरीच चर्चा झाली. मी शिडी मागवली आणि उतरले. चर्चा वर चालू राहिली.

आमची वसईला केळीची वाडी. आई म्हणायची, "चिखल तुडवायला नको म्हणून हिला शिकवली, तर ही आता पगार घेऊन चिखल तुडवते." तिला मी कधी पटवू शकले नाही, पण तुम्हाला सांगते. नदीकाठची सपाट जमीन नदीनेच टाकलेली असते. पूर आला की पाणी काठावरून बाहेर पसरतं, पसरलं की त्याचा जोर जातो. जड रेती काठाजवळ बसते, बारीक गाळ पुढे जाऊन सावकाश बसतो. पाणी ओसरलं की त्यावर गवत येतं, गुरं चरतात, कोणी चूल मांडतं, आणि वरची बोटभर माती काळपट होते. मग पुन्हा पूर, पुन्हा गाळ. खड्ड्याची भिंत खुरप्याने तासून तिच्यावर पाणी शिंपडलं की हे सगळे थर रंगारंगाने उघडतात. काळपट रेघ दिसली की समजायचं, इथे एके काळी उघडी जमीन होती. त्या रेघेवर राख आणि खापऱ्या असल्या तर माणसं होती. निळसर काळा चिखल, त्यात शिंपले आणि तिवरांची मुळं, म्हणजे खाडी होती.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. एकदा खणलेली जमीन पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. खड्डा बुजवताना खालची माती वर येते, वरची खाली जाते, थर मोडतात. वर कितीही गाळ साचू दे, गवत उगवू दे, तासून पाणी मारलं की तिथे डाग दिसतो. शेकडो वर्षांनीही दिसतो. आमचं अर्धं शास्त्र त्या डागावर चालतं.

लोकांना यातलं काही खरं वाटत नसे. आचोळ्याला एका शेतमालकांनी आमच्या खड्ड्यावर नारळ फोडला आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बाई, सोनं कितव्या थराला लागतं?" जवळच जुनं बंदर, तेव्हा आपल्या भाताखाली हंडे पुरलेले असणार, असा त्यांचा हिशेब. मी म्हटलं, "काका, तुमच्या भाताखाली खाडी होती. लागलीच तर कालवं लागतील." त्यांनी साहेबांकडे तक्रार केली की बाई उद्धट आहेत आणि सोनं लपवतात. साहेबांनी मला बोलावून समज दिली आणि मग खिडकीकडे तोंड करून हसले.

तसे किस्से पुष्कळ आहेत आणि दिवाळी अंकाला तेच बरे. पण लिहायला बसले की माझ्यासमोर दुसरीच जागा येते, आणि ती टाळून नोकरीबद्दल लिहिणं मला जमत नाही.

सत्तरच्या दशकाची अखेर असेल. तेव्हा आपली वसई ठाणे जिल्ह्यात होती. चांदीपच्या पलीकडे तानसा नदीच्या काठी आमचं काम निघालं होतं. नदीने पात्र किती वेळा बदललं, कुठली जमीन किती जुनी, हे नकाशावर आणायचं होतं. काठालाच एक वीटभट्टी होती. भट्टीवाल्यांनी मातीसाठी नदीचा काठ असा कापत नेला होता की पुरुषभर उंचीची उभी भिंत तयार झाली होती. आम्हाला एवढा खड्डा खणवायला किती खटपट करावी लागली असती. इथे तो फुकटात मिळाला. भट्टीच्या शेठची परवानगी घेऊन आम्ही भिंतीशी बिऱ्हाड मांडलं. आम्ही म्हणजे मी आणि दामू खलाशी. मोजणीची साखळी धरणाऱ्या, कुदळ मारणाऱ्या माणसाला आमच्या खात्यात खलाशीच म्हणतात. दामूदादा मूळचे अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातले, गुडघे गेल्यामुळे होडी सुटलेली. ते म्हणत, "बाई, दर्यावरचा खलाशी व्हतो, सरकारनं चिखलात आनला."

भट्टीवर दूरच्या पाड्यांवरून आलेली आदिवासी कुटुंबं होती. दिवाळीनंतर यायची, पावसाच्या तोंडावर परत जायची. पुरुष माती खणत, तिच्यात भाताचा तूस मिसळून पायांनी मळत. बायका ओणव्या बसून साच्यात विटा थापत आणि रांगेने उन्हात मांडत. त्यांत एक बाई होती, सोमी. पंचविशीची असेल. तिच्या रांगेत विटा नेहमी कमी भरत, कारण साच्यात घालण्याआधी ती मातीचा प्रत्येक गोळा हातात फोडून, चुरून, बोटांनी चाचपून बघे. मुकादम जाता-येता तिला टोचत असे. "काय गं, वीट थापतेस का पापड?" ती मान वर करत नसे.

मला वाटलं, खडे काढते. मी तिच्याजवळ जाऊन म्हटलं, "चांगलं काम करतेस. खडा राहिला की वीट तडकते."

"खडं नाय बघत, बाय," ती म्हणाली.

"मग काय बघतेस?"

"माझा पोर."

मला आधी समजलंच नाही. ती काम न थांबवता तुटक तुटक सांगत गेली आणि मी उभी राहून ऐकत गेले. मागल्या हंगामात तिचं मूल इथे भट्टीवर तापाने गेलं होतं. दूध पिणारं. लहान मूल जाळत नाहीत, पुरतात. नवऱ्याने, लाडक्याने, नदीच्या उंचवट्यावर करंजाच्या झाडाशी खळगा केला, वर दगड ठेवले, कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून काटेरी फांद्या टाकल्या. पाऊस आला तशी माणसं पाड्यावर परत गेली. त्या पावसाळ्यात तानसेला मोठा पूर आला. दिवाळीनंतर ही दोघं परतली तेव्हा झाड नव्हतं, दगड नव्हते, उंचवटाही ओळखू येत नव्हता. सगळीकडे गुडघाभर ताजा, मऊ गाळ. शेठ खूश होता. नदीने नवी माती दारात आणून दिली होती आणि विटेला ती फार चांगली.

"आता तिकडनंच माती काडतात," सोमी म्हणाली. "लाडक्याच खनतो. तो फावडा मारतो, मी थापते. कुना दिसाला माझ्या हातानंच त्याला साच्यात घालीन."

तिकडची माणसं कोणालाच अहोजाहो करत नाहीत, कलेक्टरलाही नाही. तिने मला सरळ विचारलं, "तू त्या भितीवर पानी मारून बघतीस. तुना दिसतं ना मातीत काय व्हतं ते? मंग माझा पोर कुठं हाय ते सांग."

जन्मात कोणी माझ्या शास्त्राकडे इतकं सरळ काही मागितलं नव्हतं. साहेब पुण्याला गेले होते आणि ते असते तरी काय म्हणाले असते, देव जाणे. मी मुकादमाला सांगितलं की हा कोपरा सर्वेक्षणाला लागतो, आम्ही सांगेपर्यंत इथे फावडं पडायचं नाही. लेखी हुकूम मागितला असता तर माझ्याकडे नव्हता. पण सरकारी आवाजात बोललं की बहुतेक लोक कागद मागत नाहीत.

"झाडाच्या कोणत्या अंगाला ठेवलं होतं?" मी लाडक्याला विचारलं.

"उगवतीला. हात पोचंल इतक्यावर."

आता झाड शोधायचं. पहिल्या दिवशीच त्या भिंतीत मला एक गोष्ट खटकली होती. सगळे थर आडवे सरळ चालले असताना एका जागी ते तुटले होते आणि तिथे वाटीच्या आकाराचा खळगा जाड रेतीने भरला होता. त्याच्या तळाशी तुटक्या मुळांचे धागे खाली शिरलेले. पुराने झाड मुळासकट उपटलं की मागे असाच खळगा राहतो आणि पाणी ओसरताना आधी त्यात रेती भरते. मी लाडक्याला ती मुळं दाखवली. त्याने एक मुळी काढून चावली आणि थुंकली. "करंजच," म्हणाला.

तिथून उगवतीला आम्ही वरचा गाळ काढायला लागलो. भिंतीत आडवं न खणता वरून, थराथराने जमीन उघडी करत. फावडं नको म्हटलं, खुरपी आणि हात. मी, दामूदादा, लाडक्या. सोमीला मी बसायला सांगितलं, पण ती आमच्याबरोबर खाली वाकलीच. गुडघाभर गाळाखाली ती काळपट रेघ लागली, म्हणजे मागल्या वर्षीची जमीन. तिच्यावर गवत होतं. वाळलेलं, पिवळं, सगळं एकाच दिशेला निजलेलं, जसं पाणी त्याच्यावरून गेलं तसं. मी ते हलकेच काढलं, जमीन तासली आणि झारीने पाणी शिंपडलं.

डाग उमटला. सुपाएवढा, कडा स्पष्ट, आतली माती मिसळलेली. लाडक्या उठून दोन पावलं मागे गेला. सोमीने डागावर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून बसली.

मी आणखी थोडी जमीन तासून पाणी मारलं, सवयीने. आणि शेजारी दुसरा डाग उमटला. पहिल्यापेक्षा लहान. त्याच रेघेवरून खणलेला, म्हणजे त्याच वर्षीचा.

मी वळून भिंतीकडे बघितलं. आता काय शोधायचं ते कळल्यामुळे मला ते सगळे दिसायला लागले. करंजाच्या खळग्याच्या खालीही तसे डाग होते. जुन्या गाळाच्या खालच्या रेघेवरून एक खणलेला, त्याहून खालच्या रेघेवरून आणखी एक, सगळे लहान, सगळे सुपाएवढे. एकातून काचेचा हिरवा मणी डोकावत होता. दोन दिवस मी त्या भिंतीसमोर उभी होते आणि त्यांना कोल्ह्याची बिळं समजत होते. दर वेळी पूर येऊन जागा पुसली जायची आणि पुढची माणसं, मागच्यांचा काही पत्ता नसताना, काठावरची तीच उंच, मऊ जागा निवडायची. नदीकाठी माणसाच्या वस्तीचा याहून लख्ख पुरावा मी नोकरीत दुसरा पाहिला नाही. एरवी मी हर्षाने साहेबांना तार केली असती. त्या वेळी मी वहीसुद्धा उघडली नाही.

एव्हाना काम थांबलं होतं. बायका भोवती जमल्या होत्या आणि मुकादमही आला. त्याने दोन्ही डाग बघितले. माणूस दुष्ट नव्हता, पण भट्टीवर पोलीस नकोत ही त्याची जबाबदारी.

"सोमे, तुझं एक होतं," तो म्हणाला. "हे दुसरं कोणाचं?"

मागल्या हंगामात भट्टीवर एकच मूल गेलं हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी सहज विटांच्या रांगांकडे बघितलं. सगळ्या बायका इथे आल्या होत्या, फक्त टोकाला एक पोरगी, चंद्री, अजून साच्यापाशी बसली होती. भावाबरोबर कामाला आलेली, लग्न न झालेली. तिचा साचा केव्हाच भरला होता आणि ती त्याच विटेवरून हात फिरवत होती, फिरवत होती.

"कोणाचं आहे?" मुकादमाने आवाज चढवला. "शेठला काय सांगू मी?"

सोमी डागावरचा हात न काढता म्हणाली, "दोनी माझेच. जुळे व्हते."

मागल्या साली मूल गेलं तेव्हा लाडक्याला खणायला फावडं मुकादमानेच दिलं होतं. तो लाडक्याकडे वळला. "जुळे होते का रे?"

लाडक्याने सोमीकडे पाहिलं, मग रांगांच्या टोकाकडे. "हां," तो म्हणाला. "जुळे."

"बरं," मुकादम म्हणाला आणि बायकांना कामाला लागायला सांगून निघून गेला. त्याला कळलं नसेल असं मला वाटत नाही. त्या दिवसापुरता तो मला माझ्या बऱ्याच साहेबांपेक्षा बरा वाटला.

आम्ही काही उघडून बघितलं नाही. दोन्ही जागची माती जशीच्या तशी, कडेपासून थोडी जास्तच धरून, दोन घमेल्यांत उचलली. दामूदादांनी आपला टॉवेल दोन तुकडे करून वर झाकला.

सोमीने घमेलं डोक्यावर घेण्याआधी मला विचारलं, "बाय, कंची माती विटेला चालत नाय?"

हा प्रश्न मला परीक्षेत कोणी विचारला नव्हता, पण उत्तर येत होतं. रस्त्यापलीकडे टेकाडाचा उतार होता, तांबडा मुरूम, निव्वळ खडा. त्याची वीट होत नाही, त्यात भात होत नाही, पूर तिथवर चढत नाही. मी बोट दाखवलं. सोमी एक घमेलं घेऊन पुढे झाली, लाडक्या दुसरं घेऊन मागे. मुरूम खणायला त्यांना खूप वेळ लागला. कुदळीचा आवाज आमच्यापर्यंत येत होता.

बाकीचे डाग भिंतीत राहिले. आम्ही नकाशा केला, माप घेतलं, नमुने पिशव्यांत भरले आणि पुढच्या गावाला गेलो. सरकारी कामाला तेवढाच वेळ असतो. भट्टीने तो काठ त्याच हंगामात खाऊन टाकला. अहवालात साहेबांच्या सल्ल्याने वाक्य गेलं की पूरमैदानात मानवी वावराच्या पुरातन खुणा आढळतात. वाक्यात चूक काही नाही. मला ते तेव्हाही वाचवलं नाही आणि आजही वाचवत नाही. हिरवा मणी मी पिशवीत घातला नव्हता. जिथे होता तिथेच माती लावून दाबला होता, म्हणजे तोही कुठल्या तरी विटेत गेला असणार.

त्यानंतर काही वर्षं त्या बाजूला जाणं झालं नाही. इकडे विरार आणि नालासोपारा बघता बघता वाढले. मनवेलपाड्याला शेतांत इमारती उभ्या राहू लागल्या. खोलगट, पाणथळ जमीन. तिथे बांधायचं तर आधी भराव हवा, आणि भरावाला मुरमासारखं दुसरं काही नाही. हे मला कोणी शिकवायला नको होतं. तरी एका हिवाळ्यात चांदीपच्या रस्त्याने जीप चालली असताना समोरून मुरमाच्या लॉऱ्या ओळीने आल्या, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी ड्रायव्हरला भट्टीकडे घ्यायला सांगितलं. रस्त्यापलीकडचं टेकाड अर्धं कापून झालं होतं. मी दाखवलेला उतार राहिलाच नव्हता. तिथे आता तांबडी उभी भिंत होती आणि तिच्यात बघण्यासारखा एकही थर नव्हता.

भट्टी चालू होती. मुकादम नवा होता. सोमी आणि लाडक्या आता भिवंडीकडे जातात, असं त्याने सांगितलं. मी परत फिरत होते, तेवढ्यात विटांच्या रांगेतून एक बाई उठून माझ्याजवळ आली. गळ्यात काळे मणी, हात कोपरापर्यंत चिखलाचे. मी चंद्रीला ओळखलं.

"ती मुरमाची जागा गेली," मी म्हटलं. दुसरं काय बोलावं ते सुचेना.

"म्हाईत हाय. लॉऱ्या यायच्या आदीच हालवली."

"सोमीने?"

"दोगींनी," ती म्हणाली. "मी माझा नेला, तिनं तिचा."

त्या दिवशी साच्यावरून उठता न आलेली ती पोरगी, आज माझ्यासमोर उभी राहून तोंडाने सांगत होती. इतक्या वर्षांत तिने हे आणखी कोणाला सांगितलं असेल असं वाटलं नाही. माझे डोळे भरून आले आणि मला त्याची लाज वाटली, कारण तिचे कोरडे होते.

"आता कुठे ठेवलीत?" मी म्हटलं. "मला दाखव. पूर येतो का, माती कशी आहे, मी बघून सांगते. या खेपेला नीट बघते."

तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या बघण्यात राग नव्हता.

"तू दाखवलीस ती पन माती कोनाला तरी लागलीच ना, बाय," ती म्हणाली. "आता नाय सांगायचा कोनाला."

ती जाऊन साच्यापाशी बसली. मी जीपमध्ये चढले आणि ड्रायव्हरला चल म्हटलं.